दोन टोकांचे दोन जावई

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं असतं, कामाला लावायचं नसतं, हे मला माहीत होतं. सेलूत उभा संसार केलेल्या बाईला एवढंही कळत नसेल असं कोणी समजू नये. दोन्ही जावयांना मी एकाच दिवशी बोलावलं ते केवळ पुरण एकदाच शिजवावं लागेल म्हणून. आता त्यातले थोरले भुजंगराव परभणीत वायरिंगची कामं घेतात, धाकटे योगीराज पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करतात आणि आमच्या मागच्या शेडमध्ये नेमकी एक मोटर कॉम्प्युटरला जोडायची राहिली होती, हा निव्वळ योगायोग. माझी सून मनीषा हे आजही मान्य करत नाही.

मोटर शेवयाच्या मशीनची. मनीषानं खाजगी शाळेतली नोकरी सोडून शेवया करून द्यायचा धंदा काढायचं ठरवलं तेव्हा माझा मुलगा वैजीनाथ म्हणाला, विचार करू. तो नांदेडला नोकरीला, शनिवारी येतो, त्यामुळे त्याचा विचारही शनिवारीच होतो. मी मात्र लगेच हो म्हणाले. शेवया म्हटलं की माझं डोकं झरीला जातं, आईच्या अंगणात. तिरपा पाट, मांडीजवळ तेलाची वाटी आणि पाटावर घासत घासत लांबवत नेलेली शेवई. माझी आई ती इतकी बारीक काढायची की उन्हात धरली तर दिसायची नाही, सावलीतच दिसायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, हिच्या हातात यंत्र आहे. आता माझ्या सुनेच्या घरात खरंच यंत्र येत होतं आणि ते चालावं याची मला तिच्याहून जास्त घाई होती.

मशीन पप्पूशेठकडून घेतलं. पप्पूशेठ जुनी यंत्रं विकतात आणि प्रत्येक यंत्राबद्दल पोटच्या पोरीबद्दल बोलावं तसं बोलतात. मशीन मजबूत होतं, मोटर तर त्याहून. फक्त अशी मोठी मोटर घरच्या साध्या लाईटवर चालत नाही, म्हणून मध्ये एक डबा लागतो. त्याला ड्राइव्ह म्हणतात. मोटर किती वेगानं फिरवायची ते हा डबा ठरवतो. आमचा डबा एका बंद पडलेल्या जिनिंग गिरणीतून निघालेला. त्याच्या तोंडावरची बटणं आणि आकड्यांची काच केव्हाच मेलेली. त्यामुळे त्याला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. तो आपला जिनिंगमध्ये कापूस ओढायच्या वेगातच अडकून बसलेला.

"कॉम्प्युटरला जोडायचं अन् तिथून वेग कमी करायचा. दहा मिनटाचं काम हाय, मावशी," पप्पूशेठ म्हणाले.

आम्ही आधी न जोडताच चालवून पाहिलं. मनीषानं कणकेचा गोळा घातला, मी लाईटचं बटण दाबलं. शेवया आल्या नाहीत, सुटल्या. पुढच्या भिंतीवर माझ्या यजमानांचा फोटो होता. त्यांना त्यांच्या हयातीत कोणी इतक्या झटपट हार घातला नव्हता. मनीषा हसली, मग फोटोकडे पाहून गप्प झाली, मग माझ्याकडे पाहून पुन्हा हसली. मी फोटो पुसला आणि आतल्या खोलीत नेऊन लावला.

मग मी डब्याच्या कंपनीला फोन केला. आधी गाणं वाजलं, मग एक मुलगी आली. तिनं विचारलं, डब्याचा नंबर काय. मी म्हटलं, खरवडून गेला. ती म्हणाली, मग समोरच्या काचेवर जो आकडा येतोय तो वाचा. मी म्हटलं, बाई, काच बंद आहे म्हणूनच तर फोन केला. ती म्हणाली, काच बंद असल्याची तक्रार नोंदवायची असेल तर काचेवरचा आकडा लागेल. मी चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. उलटी टीप घालणाऱ्या शेकडो मुली पाहिल्या, पण इतकी पक्की उलटी टीप पाहिली नव्हती. शेवटी तिनं विचारलं, आपलं समाधान झालं का, झालं असल्यास एक दाबा. मी जे दाबलं त्यानं फोन बंद झाला.

तेव्हा मी मनीषाला म्हटलं, "जावई येणारच आहेत. ते आले की मशीन चालू झालंच समज."

माझ्या या शब्दावर त्या भोळ्या मुलीनं झरीच्या सगुणाबाईंना त्याच दिवशी बोलावलं. सगुणाबाई म्हणजे झरीतलं मोठं खटलं. त्यांच्या शेवया जमल्या की अख्ख्या झरीच्या शेवया आमच्याकडे येणार. आणि नाही जमल्या तर समोर दगडाबाई बसलेल्याच. दगडाबाईंचं हातानं फिरवायचं मशीन आमच्या दारासमोर पंधरा-वीस वर्षं चालू आहे. आमच्या दारातून परत फिरलेल्या गिऱ्हाईकानं रस्ता ओलांडला की ते त्यांच्या ओट्यावर.

सकाळी दोन्ही जावई आले. ओवाळणं झालं, चहा झाला. मी म्हटलं, "मागं शेडमध्ये जरा हवा आहे, बसता का?" शेडमध्ये हवा नव्हती, मशीन होतं. भुजंगरावांनी लगेच ओळखलं. त्यांनी गाडीतून वायरीचं भेंडोळं, पेचकस आणि केबलच्या टोकांना बसवायची नऊ-नऊ टाचण्यांची दोन तोंडं आणली. मनीषाचा जुना कॉम्प्युटर आतल्या खोलीत. तो शेडमध्ये न्यायला मी बंदी केली होती, कारण पिठाची धूळ. डबा शेडच्या भिंतीला पेचांनी बसवलेला. म्हणून केबल शेडमधून स्वयंपाकघरातून माजघरातून आतल्या खोलीपर्यंत निघाली. स्वयंपाकघरात माझ्या दोन्ही मुली, पंकजा आणि विजयमाला, पुरण वाटत होत्या. त्यांच्या डोक्यावरून केबल गेली तेव्हा पंकजा म्हणाली, "आई, तू आम्हाला माहेरपणाला बोलावलंयस की सापळ्यात?"

भुजंगरावांनी दोन्ही टोकांना पेच आवळून तोंडं बसवली. "दोनला दोन, तीनला तीन. वायरिंग कसं सरळ पाहिजे, मामी."

आत योगीराजांनी कॉम्प्युटर चालू केला आणि डब्याशी बोलायचा प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर अक्षरं आली: संपर्क झाला नाही. पुन्हा केलं. संपर्क झाला नाही.

आता खरी अडचण सुरू झाली आणि ती विजेची नव्हती. साडू साडूला चूक दाखवत नाही, निदान सासुरवाडीत तरी. योगीराज आतून म्हणाले, "साडूभाऊ, तुमची केबल चांगलीच असणार. माझ्याच प्रोग्रॅममध्ये काहीतरी असेल." भुजंगराव शेडमधून म्हणाले, "छे छे, तुमचं कसं चुकेल? माझाच एखादा पेच ढिला असेल." हे बराच वेळ चाललं. दोघांचा आवाज स्वयंपाकघरातून जात होता आणि दोन्हीकडे माझ्या मुली मान हलवत होत्या.

सगुणाबाई तोवर येऊन ओट्यावर बसल्या होत्या. मनीषानं त्यांचा रवा तिंबून मोठ्या परातीत ओल्या फडक्याखाली ठेवला होता. ते दिवस असे की दुपारनंतर कणीक आंबायला लागते.

"मशीन कवा चालू व्हईल म्हन्ला?" सगुणाबाईंनी विचारलं.

"होतंच आहे. दोघं बघायलेत ना," मी म्हटलं.

"दोघं बघायलेत मनूनच इचारायले."

तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे ही रोजची गोष्ट, पण त्या दिवशी मला बरंच वाटलं. म्हटलं, जावयांना चहा द्यावा. आधी आत गेले. योगीराज मोबाईलच्या उजेडात केबलचं टोक उघडून बसले होते. मला पाहून दचकले.

"मामी, बाहेर बोलू नका. साडूभाऊंनी केबल सरळ केलीय, पण अशी सरळ चालत नाही. यातल्या तीनच टाचण्या कामाच्या. एकीवरून बोलायचं, एकीवरून ऐकायचं, एक नुसती जोड. सरळ जोडली की दोघांचीही बोलायची वायर एकमेकांना भिडते. दोघं बोलतात, ऐकत कोणीच नाही. म्हणून दोन अन् तीन उलट करायच्या. मी माझ्या टोकाला गुपचूप करून टाकलं. त्यांना वाईट वाटायला नको."

"बाकीच्या सहा टाचण्या कशाला मग?" मी विचारलं.

"त्या आपल्या बसून असतात."

लग्नात मानकरी असतात तसं, माझ्या लगेच लक्षात आलं. मी शब्द दिला की हे भुजंगरावांपर्यंत जाणार नाही आणि दुसरा कप घेऊन शेडमध्ये गेले. तिथं भुजंगराव डब्याजवळ वाकून पेचकस फिरवत होते. त्यांनी फोन घाईघाईनं खिशात घातला.

"मामी, एक गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा. परभणीला मित्राला विचारलं. ही केबल दोन-तीन उलट करून लावायची असते म्हणे. मी घरांच्या वायरिंगवाला, असल्या बोलक्या वायरीशी माझा संबंध आला नाही. धाकट्यानं चूक काढली असती तर बरं दिसलं नसतं. माझ्या टोकाला मी बदलून टाकलं. आता लाईट आली की चालू."

मी त्यांनाही शब्द दिला. आणि अगदी निर्धास्त मनानं स्वयंपाकघरात आले. एका चुकीवर दोन माणसांनी इलाज केलेला, म्हणजे काम दुप्पट पक्कं. दोन्ही जावयांचा मान माझ्या पोटात सुरक्षित. पुरणात वेलदोडा घालताना मी गाणंसुद्धा म्हटलं असं विजयमाला सांगते.

लाईट आली. पडद्यावर आलं: संपर्क झाला नाही.

आता दोघांनाही पक्कं माहीत होतं की केबल बरोबर आहे. त्यामुळे केबल सोडून जगातली प्रत्येक गोष्ट तपासली गेली. योगीराज म्हणाले, कॉम्प्युटर भराभर बोलतोय आणि डबा सावकाश ऐकतोय. म्हणून कॉम्प्युटरला सावकाश बोलायला लावलं. मग फार सावकाश. मग भुजंगराव म्हणाले, घराची अर्थिंग बघू. आमच्या अर्थिंगच्या खड्ड्यावर मी कढीपत्ता लावला आहे. त्याच्या मुळाशी दोघांनी बादल्या ओतल्या. कढीपत्त्याला बरं वाटलं, डब्याला नाही. मग कॉम्प्युटर बंद करून चालू, डबा बंद करून चालू, दोन्ही बंद करून एकदम चालू. "एक, दोन, तीन" म्हणत दोन खोल्यांतून दोन जावई बटणं दाबत होते आणि मधे पंकजाचा वरवंटा थांबत होता.

गडबड ऐकून दगडाबाई रस्ता ओलांडून आल्या. शेजारीण म्हणून आल्या, गिऱ्हाईक पाहायला आल्या नव्हत्या हे त्यांनी स्वतःच दोनदा सांगितलं.

"धोंड्याच्या महिन्यात नवं मशीन चालू करतेत व्हय कुनी?" त्या मला म्हणाल्या. "ह्या महिन्यात तर लगीन न्हाई, वास्तू न्हाई. मशीनला कळतंय, तुमाला कळंना का?"

"मशीन जुनं आहे," मी म्हटलं. "नवं काही सुरू केलेलं नाही."

मला वाटतं हे उत्तर चांगलं होतं. पण दगडाबाई माझ्याकडे पाहतच नव्हत्या. त्या परातीकडे पाहत होत्या.

"कणीक लय येळ ठेवली की शेवई तुटती, सगुणाबाई," त्या हळूच म्हणाल्या. "माझं काय, हातानं फिरवायचं. लाईट आसू नायतर नसू."

 सगुणाबाईंनी पाय ओट्यावरून खाली सोडले.

मी जावयांना जेवायला बसवलं. ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती, धोंड्यांवर साजूक तूप. दोघं अंघोळ करून, मी दिलेले नवे पांढरे सदरे घालून बसले. एकमेकांना आग्रह करत होते आणि दोघांच्याही मनात तोच विचार चालला होता की समोरच्याकडून कुठं तरी काहीतरी राहिलंय, पण सांगायचं कसं. मनीषा वाढत नव्हती. ती दारात उभी होती, हात पुसत.

"आई," ती मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "मी सगुणाबाईंना सांगून टाकते, जमणार नाही म्हणून. कणीक त्यांच्या परातीत काढून देते. खराब होण्याआधी नेऊ द्या समोर."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मी बाजू मांडली असती. ती नुसती सांगत होती, जसं शाळेत घंटा झाल्यावर वर्ग सोडतात. शाळा सोडून तिनं हे धरलं होतं आणि आज हे सुटलं की पुन्हा कोणी तिच्या दारात रवा घेऊन येणार नव्हतं. गल्लीत एकदा परत गेलेली परात कोणी विसरत नाही.

मी तिच्यामागे ओट्यावर आले. सगुणाबाई निघायच्या तयारीत होत्या. रव्याची कापडी पिशवी त्यांनी उलटी केली, कोपऱ्यातला रवा झटकला आणि पिशवी पुन्हा उलटी करून घडी घालायला घेतली.

मी त्या पिशवीकडे पाहत राहिले. उलटी केलेली पिशवी पुन्हा उलटी केली. झाली सुलटी. शिवणाच्या पहिल्या तासाला हेच शिकवायचे मी, बाही एकदा उलटायची, दोनदा उलटली की पुन्हा आपली होती तशीच. आणि माझ्या घरात एका केबलचं एक टोक एकानं उलटलं होतं, दुसरं दुसऱ्यानं. सकाळपासून ती केबल जशी चुकली होती तशीच अगदी प्रेमानं पुन्हा चुकवून ठेवली होती. आणि हे जगात फक्त मला माहीत होतं, कारण दोघांनीही ते माझ्या एकटीच्या कानात सांगितलं होतं.

आता सांगायचं तर दोन शब्द मोडायचे. धोंड्याच्या ताटावर बसलेल्या जावयांना, बायका समोर असताना, तुम्ही दोघं चुकलात म्हणायचं. आमच्या घरात हे कधी झालं नव्हतं. एका जावयानं विहिरीत घागर पाडली तेव्हा माझ्या सासूबाईंनी घागरीलाच बोल लावला होता. मीही तसं काही शोधत होते. पण शोधायला वेळ नव्हता, कारण मनीषा परातीवरचं फडकं काढत होती. जावयांचा मान झाकून ठेवायला मी दिवसभर धडपडले आणि सुनेचा मान त्या परातीत आंबत होता.

"थांब," मी मनीषाला म्हटलं आणि आत गेले.

"भुजंगराव, योगीराज. तुम्ही दोघांनी लाईट गेल्यावर केबल उलट केलीत. दोघांनीही. एकानं इथं, एकानं तिथं. म्हणून ती पुन्हा सरळ झालीय."

घास हातातच राहिले.  पंकजानं नवऱ्याकडे पाहिलं, विजयमालानं आपल्या. मग योगीराज हळूच म्हणाले, "साडूभाऊ, तुम्हीपण?"

"तुम्हीपण?" भुजंगराव म्हणाले.

आणि लगेच, सवयच ती, भुजंगराव म्हणाले, "मग माझं टोक पहिल्यासारखं करतो. चूक मूळ माझी."

"नाही नाही, माझं करतो. तुम्ही थोरले."

"तुमचं राहू द्या हो, माझंच बदलू."

"असं कसं, मी बदलतो ना."

"दोघांनी बदललं तर पुन्हा तेच होईल," मनीषा म्हणाली. ती कधी आत आली कळलं नव्हतं. तिच्या हातात पेचकस होता. "एकच बदलायचं. डब्याकडचं बदलते, ते दाराजवळ आहे."

थोरला-धाकटा हा प्रश्न आमच्या घरात कधी दाराच्या अंतरावर सुटला नव्हता. दोघांपैकी कोणाला काही बोलायला सुचायच्या आत ती शेडमध्ये गेलीसुद्धा. दोन्ही जावई ताटावरून उठले. उठू नये असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. भुजंगरावांनी डब्याची लाईट बंद केली, मनीषानं दोन पेच सोडले, वायरी बदलल्या, पेच आवळले. योगीराज उष्ट्या हातानं आत कॉम्प्युटरपाशी धावले.

"आला," आतून आवाज आला. "संपर्क आला. बोलायलाय."

"काय म्हणतोय?" भुजंगरावांनी विचारलं.

"जिनिंगचा वेग सांगतोय. किती कमी करू?"

शेडमध्ये सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जिनिंग कोणालाच काढायची नव्हती. शेवटी सगळे मनीषाकडे पाहू लागले. तिनं कणकेचा गोळा हातात दाबून पाहिला.

"निम्मा करा," ती म्हणाली. गोळा घातला. शेवया आल्या, पण घाईत. "अजून कमी. अजून. बास."

जाळीतून शेवया खाली उतरल्या, सरळ, एकसारख्या, एकही न तुटता. मनीषानं काठी खाली धरली, शेवया काठीवर घेतल्या, कापल्या. मी आईची आठवण काढणार होते, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

सगुणाबाई ओट्यावरून मागं आल्या. त्यांनी एक शेवई बोटावर घेतली, उजेडात धरली, वाकवून पाहिली.

"आता आली बघ," त्या म्हणाल्या. मग काखेतली पिशवी काढून खुंटीला अडकवली आणि पाटावर बसल्या. "कर बाई. सगळा रवा कर. मी बसते. परवाच्याला माझी जाऊ पन येईल मग."

ऊन होतं तोवर घाई करायलाच हवी होती. काठ्या भरू लागल्या आणि गच्चीवर न्यायला माणसं नव्हती. पंकजा नि विजयमाला स्वयंपाकघरात. माझे गुडघे दुखरे. मनीषा मशीनपासून हलू शकत नव्हती. तिनं मागं वळून न बघताच सांगितलं, "भाऊजी, ही काठी दोन्ही हातांनी धरा. खाली लोंबू देऊ नका. जिना चढताना जपून."

भुजंगराव पुढे, योगीराज मागे, नव्या पांढऱ्या सदऱ्यांत, हात डोक्याच्या वर, दोघांच्या मधे सगुणाबाईंच्या शेवया झुलत होत्या. गच्चीवर पोचल्यावर दोघांनी काठी कुठे टेकवायची यावर एकमेकांना आग्रह सुरू केला. तो मला खालून ऐकू येत होता. रस्त्याच्या पलीकडे दगडाबाई ओट्यावर उभ्या राहून वर पाहत होत्या.

"जावयाला कामाला लावलं का वो बाई, धोंड्याच्या महिन्यात?"

"लावलं," मी म्हटलं.

शेडमधून मनीषानं हाक मारली, दुसरी काठी भरली म्हणून.